तपकिरी पेला, पिवळी नळी: एका सोसायटीच्या पाण्याचं प्रकरण

2025 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमची सोसायटी कर्वेनगरात आहे, चोवीस बिऱ्हाडांची, जुनी. राजाराम पूल ओलांडला की सिंहगड रोड लागतो. त्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात, जानेवारीपासून जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडत होते. आधी जुलाब-उलट्या, मग पायातली ताकद जायची, काहींना थेट व्हेंटिलेटर. राष्ट्रीय विषाणू संस्थेला रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले होते आणि संशय पाण्यावर होता. पुढे पुणे परिसरातल्या रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. आमच्याकडे एकही रुग्ण नव्हता, पण भीतीला पूल ओलांडायला वेळ लागत नाही. पाणीपुरी बंद झाली, पनीर बंद झालं, आणि दुपारी तीनच्या सुमाराला दारावर बेल वाजू लागली.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या एका कंपनीचा मुलगा होता. कंपनीचं नाव सांगण्यात मतलब नाही, कारण ही पेटी घेऊन फिरणारे अनेक आहेत. वय तेवीस-चोवीस, बोलण्यात मराठवाड्याचा हेल, गळ्यात ओळखपत्र. "काकू, फक्त पाच मिनिटं. विकत काही घेऊ नका, नुसतं बघा."

त्याने माझ्याच ओट्यावर दोन काचेचे पेले मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून क्षार गाळून काढलेलं. आधी खिशातला पेनासारखा टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारा, बुडवला: नळाचं 110, आरओचं 12. मग बॅगेतून ते प्रसिद्ध यंत्र काढलं. प्लास्टिकची छोटी पेटी, खाली लोंबणाऱ्या चार धातूच्या कांड्या, वर भिंतीतल्या प्लगची वायर. प्रत्येक पेल्यात एक काळसर कांडी आणि एक पांढरी. बटण दाबलं. आरओचं पाणी तसंच राहिलं, जरासे बुडबुडे आले इतकंच. आमच्या पेल्यात आधी हिरवट धागे सुटले, मग पिवळट, मग मिनिट-दीड मिनिटात गढूळ तपकिरी चिखल, वर फेस.

"काकू, हे तुम्ही रोज पिताय."

मी एका ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशाळेत बत्तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. विद्युत अपघटनाची मांडणी किती वेळा लावली असेन त्याची गणती नाही. तरीही तो पेला बघून माझ्या पोटात गोळा आला. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे ज्या तीन घरांनी दोन-दोन हजार भरून यंत्र बुक केलं, त्यांना सोसायटीत बरेच दिवस 'भोळे' म्हणून चिडवत होते. डोळ्यांसमोर आपलंच पाणी गटारासारखं झालेलं दिसलं की डोकं मागाहून येतं. माझंही तो मुलगा लिफ्टने खाली गेल्यावर आलं.

डोकं आलं ते कांड्यांपाशी. त्या काळसर कांडीच्या टोकाला खड्डे पडले होते, किडलेल्या दातासारखे.

रंग कुठून आला

पेल्यातला तपकिरी चिखल पाण्यातून बाहेर आलेला नव्हता, तो कांडीतून पाण्यात गेलेला होता. लोखंडाच्या कांडीतून वीज गेली की लोखंडाचे अणू आयन होऊन पाण्यात उतरतात. तिथे त्यांचं हायड्रॉक्साइड बनतं, आधी हिरवट, मग हवेतला ऑक्सिजन मिळाला की तपकिरी. म्हणजे ओला गंजच. पांढरी कांडी ॲल्युमिनियमची. तिच्यामुळे जो राखाडी पुंजका येतो तो आपल्या आज्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवायच्या तेव्हा बनणाऱ्या पुंजक्याच्याच जातीचा. गंमत म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी स्वच्छ करायला हीच पद्धत वापरतात. तिथे हा पुंजका घाण पकडून खाली बसतो, इथे तोच घाण म्हणून दाखवला जातो.

मग आरओच्या पेल्यात का नाही झालं? कारण त्यातून वीजच जाईना. पाण्यातून वीज वाहते ती विरघळलेल्या क्षारांमुळे. 110 च्या पाण्यातून जेवढी वाहील त्याच्या नवव्या हिश्शाएवढी 12 च्या पाण्यातून. हिशेब मी पेन्सिलीने केला. नळाच्या पेल्यातून 0.1 अँपिअर वीज एक मिनिट गेली, तर फॅरेडेच्या नियमाने साधारण 1.7 मिलीग्रॅम लोखंड सुटतं. पेला 200 मिलीलिटरचा, म्हणजे लिटरला साडेआठ मिलीग्रॅम. लिटरला 0.3 मिलीग्रॅमच्या वर लोह गेलं की पांढऱ्या कपड्यांवर डाग पडायला लागतात. तेव्हा एका मिनिटात चहासारखा रंग येणार यात नवल काही नाही. पाणी घाण आहे का, हे ती पेटी सांगतच नाही. या पाण्यातून वीज वाहते का, एवढंच सांगते. आणि ते तर टीडीएस मीटरने आधीच सांगून झालेलं होतं.

अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते शाळांमधून चमत्काराचे प्रयोग करायचे, त्यात लिंबू कापल्यावर रक्त निघायचं. रसायन लिंबात नसायचं, सुरीला आधी लावलेलं असायचं. मुलं लिंबाकडे बघत राहायची. सुरीकडे कोण बघतो?

घरी खात्री करून घेतली. भिंतीतल्या विजेच्या नादाला लागले नाही आणि कुणी लागूही नये, पाण्यात 230 व्होल्ट म्हणजे जिवाशी खेळ. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेतली. एका वाटीत नळाचं पाणी आणि दोन लोखंडी खिळे, दुसऱ्या वाटीत तेच नळाचं पाणी आणि दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली. प्रत्येक वाटीला अर्धा तास. खिळ्यांच्या वाटीत तोच हिरवट-तपकिरी गाळ. पेन्सिलींच्या वाटीत नुसते बुडबुडे, पाणी स्वच्छ. पाणी एकच, कांड्या वेगळ्या. निकाल लागला असं मला वाटलं.

बैठक, आणि माझी चूक

रविवारी सोसायटीची बैठक बोलावली. सेक्रेटरींनी त्या मुलालाही बोलावलं होतं. 'सगळ्यांसाठी एकत्र घेतलं तर सवलत' अशी त्यांची बाजू. त्याने पेटी मांडली, पेले मांडले. मी म्हटलं, "बाळा, या वेळी तुझ्या आरओच्या पेल्यात मी जरासं मीठ टाकते. चिमटीच्या टोकावर बसेल एवढंच." तो म्हणाला, "तसं चालत नाही, मॅडम." आदल्या दिवशी मी काकू होते. पण तिसऱ्या मजल्यावरचे काका तोवर मिठाची बरणी घेऊन आले होते. मीठ टाकलं, ढवळलं, बटण दाबलं. आरओचा पेला आमच्या नळापेक्षाही काळा झाला.

हशा पिकला. त्या मुलाचा चेहरा बघवेना. नंतर जिन्यात त्याने मला विचारलं, "मग मॅडम, हा रंग कुठून येतो?" विचारण्यात नाटक नव्हतं. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्याला 'पाण्यातले विषारी धातू बाहेर येतात' असंच शिकवलं होतं, आणि पगार यंत्रामागे कमिशनवर. मी त्याला कांडीचं टोक दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला.

पण त्याच्याही आधी, बैठकीत हशा चालू असताना, मी तीन वाक्यं बोलले होते: "आपल्या पाण्याचा टीडीएस फक्त 110 आहे. भारतीय मानक 500 पर्यंत चालतं म्हणतं. आपलं पाणी उत्तम आहे, कुणी काही घ्यायची गरज नाही."

पहिलं आणि दुसरं वाक्य खरं आहे. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या मानकात 500 ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. तिसरं वाक्य मात्र पहिल्या दोनांमधून निघत नाही. हे माझ्या लक्षात आणून दिलं पहिल्या मजल्यावरच्या आजींनी. सातवी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "अगं, मग पुलापलीकडच्या लोकांना काय झालं? त्यांचं पाणी काय खारट होतं होय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खारट नव्हतंच. तिथल्या पाण्यात मीटर बुडवला असता तर आकडा बहुधा आमच्यासारखाच साजरा आला असता.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका ठराविक गुणकाने गुणून आकडा दाखवतो, बस्स. आरओच्या पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, आकडा जागचा हलत नाही, कारण साखरेचे आयन होत नाहीत. शहाळ्याच्या पाण्यात बुडवा, तीन हजारांच्या आसपास जाईल, कारण त्यात पोटॅशियम भरपूर. आणि पेलाभर पाण्यात आजारी पाडायला पुरतील इतके जिवाणू असले तरी मीटरला त्यांचा पत्ता लागत नाही. शिसं, आर्सेनिक हेसुद्धा घातक ठरतात ते लिटरमागे मिलीग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाच्या मापात. तेवढ्याने मीटरचा काटा काय हलणार! त्या मुलाने 110 दाखवून घाबरवलं, मी 110 दाखवून निर्धास्त केलं. दोघांनी एकाच चुकीच्या पट्टीने मोजलं होतं. त्याने निदान कमिशनसाठी.

त्याच सुमाराला वर्तमानपत्रांत आलेली एक बातमी मी कापून ठेवली होती. पुलापलीकडच्या भागातले, जारमधून पाणी विकणारे काही खासगी आरओ प्रकल्प महापालिकेने बंद केले, कारण त्यांच्या पाण्याचे नमुने पिण्यायोग्य निघाले नाहीत. क्षार काढलेलं पाणी म्हणजे जंतू नसलेलं पाणी नव्हे. ती बातमी मी बैठकीत कंपनीविरुद्ध वाचून दाखवायला नेली होती. आजींच्या प्रश्नानंतर तीच माझ्याकडे तोंड करून बसली.

पिवळा रंग

जंतूंसाठी विचारायचा पहिला प्रश्न साधा असतो: नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का? शुद्धीकरण केंद्रात घातलेला क्लोरिन वाटेत जंतू मारता मारता खर्च होतो. शेवटच्या नळापर्यंत थोडा उरला, तर वाटेत नवी घाण शिरली तरी तिला आवर बसतो. मानक म्हणतं, लिटरला किमान 0.2 मिलीग्रॅम, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर 0.5. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर काम केलेल्या कुणालाही 'ओटी' हा शब्द माहीत असतो. ऑर्थोटोल्युडिनचे थेंब पाण्यात टाकायचे, क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं, जितका जास्त तितकं गडद. सोबतच्या रंगपट्टीशी जुळवायचं. ज्या नळीत थेंब टाकले ते पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही, हे रसायन अंगाला चांगलं नाही. संच दोन-तीनशे रुपयांत मिळाला.

सोमवारी सकाळी साडेसहाला पाणी आलं तेव्हा मी, सेक्रेटरी आणि वॉचमन असे तिघं नळ्या घेऊन फिरलो. महापालिकेच्या लाइनवर, मीटरच्या तोंडाशी: स्वच्छ पिवळं, 0.5 च्या पट्टीला. जमिनीखालच्या टाकीतून उपसलेलं: फिकट, 0.1 म्हणावं तर म्हणावं. गच्चीवरच्या टाकीतून येणारा चौथ्या मजल्याचा स्वयंपाकघरातला नळ: काहीच नाही. बिनरंगी. दिसायला तिन्हींत सर्वांत सुंदर तीच नळी होती.

म्हणजे महापालिकेने दिलेलं संरक्षण आमच्या फाटकाच्या आत, आमच्याच दोन टाक्यांमध्ये संपत होतं. क्लोरिन खाणारं काहीतरी आत होतं.

झाकण उघडलं. जमिनीखालच्या टाकीत घोट्याएवढा गाळ. झाकणाला तडा, आणि ड्रेनेजचं चेंबर तिथून चार फुटांवर. पावसात चेंबर भरून वाहतं हे सगळ्यांना ठाऊक, कुठे वाहतं याचा विचार कुणी केला नव्हता. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही, आत पारव्याची पिसं. टाकीवर रंगाने लिहिलेली शेवटच्या सफाईची तारीख जवळपास चार वर्षांपूर्वीची. मेंटेनन्सच्या हिशेबात मात्र 'टाकी सफाई' दर वर्षी. ते भांडण वेगळं, ते इथे काढत नाही.

सफाईच्या आधी एक नमुना सरकारी आरोग्य प्रयोगशाळेत दिला. बाटली त्यांच्याकडूनच घ्यायची, निर्जंतुक केलेली. क्लोरिनचा असर थांबवायला तिच्यात आधीच थोडं थायोसल्फेट असतं, ते धुवायचं नाही. नळाचं तोंड पेटत्या कापसाने शेकायचं, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचं, मग भरायचं आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. अहवाल आला: कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात घाण शिरल्याची खूण मानले जाणारे जिवाणू, आढळले, पिण्यास अयोग्य. मानकाप्रमाणे 100 मिलीलिटरमध्ये ते असताच कामा नयेत.

अहवाल नोटीस बोर्डावर लावला तेव्हा खाली कुणीतरी पेनने लिहिलं, 'म्हणजे आरओवाला बरोबर होता.'

आरओवाला बरोबर होता का

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आरओच्या पडद्याची छिद्रं जिवाणूंपेक्षा फारच बारीक. पडदा धड असेल आणि यंत्र वेळेवर साफ होत असेल तर तो जंतू अडवतो. म्हणजे यंत्र घेतलेल्या घरांना काहीच फायदा झाला नसता असं मी म्हणणार नाही. पण तेच काम पाणी खळखळून उकळल्याने होतं, यूव्हीच्या दिव्याने होतं, घाईच्या वेळी मेडिक्लोरच्या थेंबांनीही होतं. त्यासाठी 110 चं पाणी 12 वर आणायची आणि एक लिटर पिण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडायची गरज नाही. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की जिथे टीडीएस 500 पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घाला. उत्पादकांची संघटना त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेली. खडकवासल्याचं पाणी म्हणजे सह्याद्रीतला पाऊस, मुळातच हलकं.

आरओ जिथे लागतो तिथे खरोखर लागतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने मुलांचे दात पिवळे पडतात, हाडं वाकतात, आणि ते फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. माझी नणंद अकोल्याकडे असते. तिच्या घरचं यंत्र मी कधी बंद करायला सांगणार नाही.

आमच्याकडे मात्र यंत्राने एकच नळ सुटला असता. कोथिंबीर धुतो ते पाणी, दात घासतो ते पाणी, बाळाची बाटली विसळतो ते पाणी टाकीचंच राहिलं असतं. मला सगळ्यात खटकतं ते हे: चोवीस घरांनी आरओ घेतला असता तर चार-साडेचार लाख रुपये गेले असते आणि टाकीचं झाकण कुणी उघडलंच नसतं. दोन्ही टाक्यांची सफाई, नवं झाकण, जाळ्या आणि चेंबरची दुरुस्ती मिळून बिऱ्हाडामागे अठराशे रुपये आले.

बुकिंगचे पैसे

तीन घरांपैकी दोघांना पैसे परत हवे होते. कंपनीच्या कार्यालयाने आधी 'बुकिंग रक्कम परत मिळत नाही' असं पावतीच्या मागचं बारीक अक्षर दाखवलं. आम्ही लेखी पत्र दिलं. त्यात 'फसवणूक' हा शब्द टाळला आणि फक्त काय घडलं ते लिहिलं: अमुक तारखेला असं प्रात्यक्षिक दाखवून असा दावा केला, तो दावा खोटा असल्याचं तुमच्याच यंत्रावर बारा साक्षीदारांसमोर दिसलं, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या गुणवत्तेबद्दल खोटा दावा करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सोबत कांडीचा आणि दोन्ही पेल्यांचा फोटो. उत्तर आलं नाही, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन करून तक्रार नोंदवली. पंधरा दिवसांत पैसे खात्यात आले. जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागलं नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नसतं, पण तारखांना जायला पाय लागतात.

तिसऱ्या घराने यंत्र ठेवलं. त्यांच्या सूनबाईंचं म्हणणं, "काकू, तुमचं सगळं पटतं, पण मला आता नळाचं पाणी बघवत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असायलाही नको. यंत्राचं वाया जाणारं पाणी त्या बादलीत धरतात, जिना त्यानेच पुसला जातो.

तो मुलगा एप्रिलमध्ये पुन्हा दिसला, कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात. ओळखून हसला.

टाक्या धुतल्यानंतरचा नमुना 'योग्य' आला. पंपाच्या खोलीत आता खिळ्याला ओटीची बाटली टांगलेली असते आणि खाली शाळेची दोनशेपानी वही. वॉचमन रोज सकाळी चौथ्या मजल्यावरच्या नळाचा रंग पट्टीला लावून आकडा लिहितो. मार्चपासून 0.2, 0.3, 0.2 असं चाललं होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, त्याने सकाळी सातला माझी बेल वाजवली. हातात नळी होती. पाणी अगदी नितळ.

"मॅडम, आज पिवळं होत नाहीये."

मी गॅसवर मोठं पातेलं चढवलं आणि सेक्रेटरींना फोन लावला.